घाबरलेल्या पोराला देवानं काय विचारलं

ही गेल्यावर मी प्रार्थना बंद केली. देवावर रागावून नव्हे. रागावलो असतो तर बरं झालं असतं, निदान त्याच्याशी भांडलो तरी असतो. आमच्या घरात देवाशी बोलायचं काम तिचं होतं. जेवणाआधी ती बोलायची, झोपताना ती बोलायची, मी शेवटी आमेन म्हणायचो. शास्त्रही, म्हणजे बायबल, तीच वाचायची. मी चौथी शिकलेला माणूस, डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या कंपनीत बॉयलरवर जन्म काढला. वाचता येतं मला, पण एकेक अक्षर धरून, आणि तसं वाचलेलं मनापर्यंत पोचत नाही. ती वाचायची तेव्हा पोचायचं. ती गेली तेव्हा कळलं, आमेन म्हणायचं तरी आधी कुणीतरी काहीतरी बोललेलं असावं लागतं. मग मी गप्पच राहायला लागलो. शास्त्र कपाटावर ठेवून दिलं, वर तिचाच एक रुमाल टाकला, धूळ बसू नये म्हणून.

ठाकुर्लीला आमची दोन खोल्यांची जागा आहे. मुलगा आणि सून नाशिकला असतात. त्यांची मुलगी करुणा नर्सिंग शिकायला इकडे आली. ती ठाण्याला हॉस्टेलवर राहते, सुट्टीला आमच्याकडे येते. ही गेली त्या दुपारी करुणा घरीच होती. ही मेथी निवडत बसलेली. निवडता निवडता कशीतरीच झाली आणि भिंतीला टेकली. करुणानं तिचा हात हातात घेतला नाडी बघायला, आणि तशीच बसून राहिली. बोटं मनगटावर, डोळे माझ्याकडे. पोरीचा चेहरा कागदासारखा झालेला. मग एकदम उठली, अनवाणी खाली धावली आणि तळमजल्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, डॉक्टर शेजारी बसलेला असता तरी काही करू शकला नसता. मी ते ऐकलं आणि मानलं. करुणानं नुसतं ऐकलं. मानलेलं नव्हतं, हे मला कळायला काही महिने गेले.

आमच्या चर्चच्या मंडळीत शुक्रवारी संध्याकाळी घरोघरची प्रार्थना असते. एकेका आठवड्याला एकेका घराची पाळी. तिचे दोन नियम आहेत, कुणी घातले ते आता कुणालाच माहीत नाही. पहिला, अध्याय निवडायचा नाही. गेल्या शुक्रवारी शास्त्रात फीत जिथे ठेवली तिथून पुढचा अध्याय वाचायचा, मग तो कसाही असो. ही म्हणायची, निवडायला दिलं तर सगळे गोड गोडच निवडतील. आणि दुसरा नियम, वाचायचं त्या घरातल्या सगळ्यात लहान माणसानं. त्यामुळे कितीतरी अवघड नावं आम्ही पहिलीतल्या पोरांच्या तोंडून ऐकलेली आहेत.

पाळी माझ्या घरावर आली तेव्हा मार्थाबाई सांगायला आल्या. हिच्या मैत्रीण, ही प्रार्थना त्याच चालवतात.

"शुक्रवारी तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडे नको. पुढच्या घरी न्या."

"का?"

"वाचणार कोण? या घरात सगळ्यात लहान आता मीच आहे."

"मग तुम्ही वाचा. सकाळ झाली तरी बसू आम्ही, मला कुठे ऑफिस आहे."

"मार्थाबाई, चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत. दार उघडलं नाहीत तर जिन्यात सतरंजी टाकीन. मग वर-खाली करणारे लोक तुम्हाला नावं ठेवतील, मला नाही. चहाचं बघू नका, चहा मी घेऊन येते."

असं त्यांनी ठरवून टाकलं आणि गेल्या. या बाईपुढे हिचंसुद्धा काही चालायचं नाही, तिथे माझं काय चालणार.

त्या शुक्रवारी दुपारी दार वाजलं. बघतो तर करुणा, खांद्यावर बॅग. मी म्हटलं, "सुट्टी लागली का?" ती म्हणाली, "नाही. सोडून आले." आत आली, हिच्या खाटेवर बसली आणि बॅग मांडीवरच ठेवली, जणू परक्याच्या घरी आलीय. मी पंखा लावला. बऱ्याच वेळानं आपणच बोलायला लागली.

"आजोबा, वॉर्डात माझे हात कापतात. सिस्टर म्हणतात नाडी बघ, की मला आजीचाच हात दिसतो. परवा एका पेशंटसमोर तशीच उभी राहिले. बाजूची पोरगी आली म्हणून निभावलं. माझ्या हातून माणूस मरेल कधीतरी."

"बापाला सांगितलंस?"

"सोमवारी सांगीन. सोमवारी रजा संपतेय. त्या दिवशी जाऊन मेट्रनना सांगायचं, नाव काढून घ्यायचं आणि सामान आणायचं." मग खाली बघत म्हणाली, "तुम्ही मला त्या दिवसाबद्दल कधी काही बोलला नाहीत."

"बोलण्यासारखं काय होतं? तू धावलीस. मी तर जागचा हललोपण नाही."

तिनं बॅग मांडीवरून खाली ठेवली. हे तिला आधी सांगायला पाहिजे होतं का? असेल. पण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, मला ते दिसत होतं ना रोज.

संध्याकाळी माणसं आली. आमची बाहेरची खोली भरली. मार्थाबाईंनी फीत असलेलं पान उघडलं आणि शास्त्र करुणाच्या हातात दिलं. यशयाचं पुस्तक गेल्याच शुक्रवारी दुसऱ्या कुणाच्या घरी संपलेलं. वर्षाहून जास्त चाललं होतं ते. ही असताना सुरू केलेलं, आणि मधेच कंटाळून ही म्हणायची की माझ्या आधी यशया संपतोय का बघा. तर आता नवीन पुस्तक, यिर्मया, पहिला अध्याय. कुणी ठरवलं नव्हतं. फीत होती तिथून वाचलं. मी एवढंच सांगतो, पुढचं ज्यानं त्यानं आपलं बघावं.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यिर्मया तरुण पोरगा. देव त्याला म्हणतो, तू आईच्या पोटात होतास तेव्हापासून मी तुला ओळखतो, लोकांशी बोलायला मी तुला नेमलंय. पोरगा सरळ नाही म्हणतो. मला बोलता येत नाही, मी लहान आहे. करुणा इथे थांबली. खोलीत सगळे खाली बघत होते, मार्थाबाईंनीही पुढचा शब्द सांगितला नाही. मग तिनं पुढे वाचलं. देव म्हणतो, लहान आहे म्हणू नको. मी पाठवीन तिकडे जा. त्यांना भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे. आणि हात पुढे करून त्याच्या तोंडाला लावतो. आता खरी मला आवडलेली गोष्ट. एवढं मोठं काम सांगितलं, राज्यांना, राजांना सुनवायचं, आणि लगेच देव त्या पोराला काय विचारतो? विचारतो, तुला काय दिसतं? पोरगा म्हणतो, बदामाची फांदी. देव म्हणतो, बरोबर बघितलंस. मग परत विचारतो, आता काय दिसतं? पोरगा म्हणतो, उकळतं भांडं, उत्तरेकडून कललेलं.

वाचन झालं की प्रत्येकानं एखादं वाक्य बोलायची पद्धत आहे. माझ्यावर आलं की मी हात हलवायचो, पुढे चला म्हणून. त्या दिवशी हात उचलला आणि तोंड उघडलं. कसं ते मला ठाऊक नाही. मी म्हटलं, देव बॉयलरवर काम केलेला माणूस वाटतो. दोघं-तिघं हसले. मी म्हटलं, हसू नका, खरं सांगतो. नवीन पोरं बॉयलर हाऊसमध्ये यायची आणि आवाजानंच गार व्हायची. एक पोरगा तर पहिल्या दिवशी दारातूनच परत जायला निघालेला. अशा पोराला घाबरू नको म्हणून उपयोग नसतो, कारण घाबरण्यासारखं असतंच तिथे. मी त्याला पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेसमोर उभा करायचो आणि विचारायचो, काय दिसतंय? पाणी कुठवर आहे? तो सांगायचा, अर्ध्यावर. बरोबर. आता वाफेच्या दाबाचा काटा बघ, काय दिसतंय? तो सांगायचा. सांगता सांगता त्याचे पाय जमिनीला लागायचे. भीती जात नाही त्यानं. पण भीती वाटली तरी डोळे उघडे राहतात. देवानं त्या पोराला तू लहान नाहीस असं म्हटलं नाही. आधी सोपी फांदी दाखवली, शाबासकी दिली, मग उकळतं भांडं दाखवलं. असा उस्ताद मिळाला तर कुणीही शिकेल.

मार्थाबाई चहा ओतत होत्या. म्हणाल्या, "हे एवढी वर्षं कुठे ठेवलेलं तुम्ही?"

"ही होती ना बोलायला," मी म्हटलं.

रविवारी संध्याकाळी करुणा एवढंच म्हणाली, "उद्या सामान आणायला याल का बरोबर? एकटीला उचलणार नाही." मी हो म्हटलं. तिचं मन वळवायचा प्रयत्न केला नाही. मला जे माहीत होतं ते सगळ्यांसमोर बोलून झालेलं, आणि पोरीला धरून वॉर्डात कुणी उभं करू शकत नाही.

सोमवारी कल्याणहून एसटी पकडली, भिवंडीवरून ठाण्याच्या खोपट स्टँडला जाणारी. माझ्या गुडघ्यांना रेल्वेचे पूल चढवत नाहीत, आणि म्हाताऱ्याला एसटीत तिकीट लागत नाही, म्हणून मी एसटीनंच जातो. कशेळीच्या पुलाच्या अलीकडे गाडी अडकली. पुढे ट्रक, बाजूला ट्रक. लोक नेहमीसारखे रस्त्याला, सरकारला आणि ड्रायव्हरला शिव्या घालत होते. आमच्या पुढच्या बाकावर एक नवराबायको होते, पन्नाशीच्या आतबाहेरचे. बाई आधीपासून चुळबुळ करत होती. मग तिचं डोकं खिडकीवर टेकलं, सावकाश, झोप लागल्यासारखं. नवरा म्हणाला, "अगं, काय झालं? बरं वाटत नाही का?" बाई काहीतरी बोलली, पण शब्द जड, समजेना.

बसमधलं प्रत्येक माणूस एकदम डॉक्टर झालं. एक म्हणाला, आडवी करा. दुसरा म्हणाला, चप्पल हुंगवा. मागून एक आजी म्हणाली, "चप्पल कशाला, कांदा असेल तर बघा कुणाकडे." नवरा सगळ्यांना सांगत होता, "पित्त आहे हो तिला, पित्तच आहे." कंडक्टर तिकिटाचं मशीन छातीशी धरून उभा.

करुणा उठून उभी राहिलेली. बाकाचा दांडा तिनं घट्ट धरला होता आणि चेहरा तोच, त्या दुपारचा. ओठ पांढरे. मी पाहिलं आणि मला वाटलं की पोरगी आता इथेही गोठणार, आणि मग आयुष्यभर हिला कुणी परत उभं करू शकणार नाही. मी मनात म्हटलं, अरे बाबा, कर काहीतरी. कुणाला म्हटलं ते नंतर लक्षात आलं. आणि तोंडानं एवढंच निघालं, "करुणा, काय दिसतंय?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बाईकडे बघितलं. बराच वेळ लागला असं मला वाटलं, लागला नसेल.

"घाम," ती म्हणाली. "खूप घाम आलाय. हात थरथरतायत." मग वाकली आणि बाईचं मनगट धरलं. "अंग गार आहे. नाडी लागतेय. जोरात आहे. मावशी, माझ्याकडे बघा. तोंड उघडा. बघतायत, ऐकू येतंय यांना." मग नवऱ्याकडे वळली. "काका, यांना शुगर आहे का?"

"आहे ना. गोळी चालू आहे."

"आज घेतली?"

"सकाळीच घेतली. गोळी चुकवत नाही ती कधी."

"आणि खाल्लं काय?"

"खाल्लं नाही. सोमवार आहे ना, उपास असतो तिचा."

करुणानं डोळे मिटले आणि उघडले. "काका, गोळी घेऊन उपास करायचा नसतो. साखर उतरलीय यांची. साखर पाहिजे, लगेच."

मागून एकानं पेढ्यांचा बॉक्स पुढे केला, कुणाच्या तरी साखरपुड्याला चाललेला. ती म्हणाली, "पेढा नको, आत्ता घशात अडकेल. साखरेचं पाणी पाहिजे." आणि मघाची आजी म्हणाली, "पेढा चालतो गं उपासाला." माणसं हसली, त्या गडबडीतही.

आता बघा. बस जिथे अडकली होती त्याच्या दारासमोर चहाची टपरी होती. हात लांब केला तर लागेल अशी. ज्या गर्दीला सगळे शिव्या घालत होते तिनं आम्हाला नेमकं तिथे आणून उभं केलं होतं. दहा पावलं पुढे असतो तर पूल, नुसती खाडी. कंडक्टर उतरला आणि टपरीवाल्यानं साखरेचा आख्खा डबा आणि पाण्याचा ग्लास दिला, एक शब्द न विचारता. करुणानं बाईला सरळ बसवलं, डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि घोटघोट पाजलं. प्रत्येक घोटाला थांबत होती, गिळलं का बघत होती. तिचे हात कापत होते. ग्लास दातांवर वाजत होता, मला ऐकू येत होतं. पण पाणी सांडलं नाही.

थोड्या वेळानं बाईचे डोळे जाग्यावर आले. इकडे तिकडे बघून पहिलं वाक्य काय बोलली असेल? म्हणाली, "अहो, ही साखर होती का? माझा उपास मोडला." नवरा रडायलाच लागला. म्हणाला, "मोडू दे, बये, मोडू दे." मग करुणाचा हात धरून म्हणाला, "डॉक्टर आहेस का तू, बाळा?"

"नाही काका," ती म्हणाली. "मी शिकतेय अजून."

गाडी हलली. खोपटला उतरल्यावर करुणानं त्या दोघांना सोडलं नाही. पुन्हा साखर उतरू शकते, एकदा तपासायला पाहिजे, म्हणून रिक्षानं आपल्याच हॉस्पिटलात घेऊन गेली. मी मागून दुसऱ्या रिक्षानं. अपघात विभागाच्या दारात एक मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. करुणा त्यांना भराभर सांगायला लागली, काय दिसलं, काय दिलं, किती वेळ झाला. सिस्टरनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर केलंस. आणि बिनायुनिफॉर्मची काय फिरतेस? रजा संपली ना तुझी? धर पेशंटला, आत घे." करुणानं धरलं आणि आत घेतलं. दार मिटलं.

मी बाहेर बाकावर बसलो. मेट्रनची खोली समोरच दिसत होती. दर थोड्या वेळानं मी तिकडे बघत होतो, करुणा कधी येते आणि नाव काढून घेते म्हणून. ती आली ती दुसऱ्याच बाजूनं, हॉस्टेलकडून, युनिफॉर्म घालून. म्हणाली, "आजोबा, दुपारची ड्युटी लागलीय. तुम्हाला एकट्याला जाता येईल ना?"

"सामान?"

"राहू दे ते इथेच," ती म्हणाली आणि गेली. वळून बघितलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटला. न घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, बॉयलरवर त्यांचीच मला जास्त काळजी वाटायची. करुणा घाबरलेली असूनही आत गेली.

खोपटच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. तिथे बसून मी प्रार्थना केली, ही गेल्यानंतरची पहिली. फार बोलता आलं नाही. पोरीची भीती काढून टाक असं मी मागितलं नाही, कारण यिर्मयाचीही त्यानं काढली नव्हती. म्हटलं, तू तिच्याजवळ राहतोस हे मी आज बघितलं. तेवढं चालू ठेव. समोर गाड्या लागत होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होते, आणि मला इतक्या महिन्यांनी वाटलं की कुणीतरी ऐकून घेतंय.

परवा तिचा फोन आला. मी विचारलं, "हात कापतात का अजून?" म्हणाली, "कापतात की. आजही कापले." "मग?" "मग काही नाही. केलं काम." आणि मग मेसच्या आमटीबद्दल बोलत बसली.

देवा, तुझे उपकार मानायला मला हिच्यासारखं बोलता येत नाही. धीट माणसं शोधत बसला असतास तर तुला आमच्या घरात कुणीच सापडलं नसतं, तरी तू आलास. माझ्या हातात आता कुणाला धरून ठेवायचं बळ नाही. हिला ठेवता आलं नाही, आणि करुणाला ठेवायचं नसतं हे मला त्या दारासमोर बसून कळलं. दोघी तुझ्याकडे आहेत. मी इथे ठाकुर्लीला आहे, बरा आहे.